सेलचा की चार्जिंगचा?

कॉम्प्युटरच्या दुकानात रांगेत उभ्या शिक्षिकेच्या कानावर पुढच्या आजींचं दुकानदाराशी चाललेलं बोलणं पडलं.

"आजी, हा कीबोर्ड चार्जिंगचा. सेल बदलायची कटकट नाही."

"आणि आतली बॅटरीच गेली तर?"

"ती बदलता येत नाही. कीबोर्डच नवा घ्यायचा."

"मग सेलवालाच द्या."

"पण सेल अचानक संपतात हं."

"मग चार्जिंगचा. नाही, थांबा! डोक्याचा पार भुगा झालाय."

"वापरणार कोण?"

"आमचे हे. अर्धांगवायूने वाचा गेली, एका हाताने टाइप करून बोलतात."

"मग सेल कोण बदलणार?"

"मीच. पण परवा मी बाहेर असताना सेल संपले. आले, तर हे मान खाली घालून बंद कीबोर्डवर टाइप करतच होते. काय लिहिलं, ते पुन्हा सांगायला तयार नाहीत."

"मग कोणता देऊ?"

"दोन्ही द्या."