दिल्लीचं वेटिंग

तिकिटाच्या वेटिंगचं काय घेऊन बसलात, माझं वेटिंग ऐका. बारावीला गणितात घसरले, तरी दिल्लीच्या एका नामांकित विद्यापीठात अर्ज टाकला. उत्तर आलं, वेटिंग लिस्टमध्ये नाव हाय. मी रडून राहिले होते अन् बाबा खूश.

"आगं, रेल्वेचं तिकीट तरी आपलं कधी पहिल्या झटक्यात कन्फर्म झालंय? चार्ट लागस्तोवर दम धर."

त्यांनी नवी बॅगसुद्धा आणली. माझा नंबर काही लागला न्हाई. लातूरला शिकले, तिथंच नोकरीला लागले.

परवा नांदेड स्टेशनवर दिल्लीची गाडी उभी होती. बाबा हळूच म्हणाले, "तुझं ते वेटिंग... कॅन्सल तर न्हाई केलंस?"

म्हणलं, "न्हाई बाबा. ठेवलंय अजून."