काट्याला टांगलेलं रेडकू

बांतुलमधल्या एका गावच्या चावडीवर बाळांच्या वजनाची रांग लागली होती. गेले दोन महिने लेक काट्यावर बसवताच किंचाळत राहिल्याने वजन टिपताच आलं नव्हतं, म्हणून त्याची आई वेनिंग धास्तावलेली. पुढे नातवंडं कडेवर घेतलेल्या दोघी म्हाताऱ्या मात्र गप्पांत रंगलेल्या.

“काट्याला झोळीऐवजी हे लाकडी रेडकू कधी लागलं गं?”

“माझ्या सुनेची करणी! भर सभेत गावप्रमुखांना म्हणाली, ‘खाटकासारखं टांगल्यावर बाळं रडणार नाहीत तर काय गातील?’”

“अगो बाई! तोंडावर?”

“तोंडावर! मला तर वाटलं, चटईखाली शिरावं.”

“चिडले असतील.”

“आधी लालेलाल झाले. मग म्हणाले, ‘बरं, आणखी कोण बोलतंय?’ झालं, सगळ्यांनाच कंठ फुटला! कुणी म्हणे होडी, कुणी म्हणे पाळणा. बाहुल्या कोरणारा पार्मिन म्हणाला, मी रेडकू करतो.”

“नि आपण चाळीस वर्षं नुसत्या माना डोलावल्या!”

वेनिंगचा लेक रेडकात बसला आणि चक्क खिदळला. सात किलो नऊशे! तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याने शिंग तोंडात घातलं आणि ओठ लाल झाले. पार्मिन समोरच बसला होता, साऱ्या गावाचा वडीलधारा. तरी वेनिंग त्याच्याकडे वळली.

“पार्मिनकाका, हा रंग पोरं चाटतात.”

साऱ्या माना पार्मिनकडे वळल्या.

“मग काय लावू?”

“हळद!” वेनिंग म्हणाली.

“बघितलंस?” म्हातारीने दुसरीला कोपर मारलं. “ही कुणाची सून गं? अगदी माझ्या सुनेच्या वळणावर गेलीय!”