शेवटच्या ट्रामची साडी

रस्त्याच्या मधोमध असलेल्या बसथांब्यावर उल्का ऑफिसच्या बसची वाट बघत होती. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं आणि त्यांच्या शेजारी पिशवी सांभाळत एक आजोबा बसले होते.

"अहो, इतक्या बस गेल्या. तुम्हाला नक्की जायचंय कुठे?" पिशवीवाल्या आजोबांनी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"कुठंच नाही." म्हाताऱ्यानं बायकोकडे बोट केलं. "आमच्या नसीमबानूला ट्रामची वाट बघायची असते."

"पुण्यात? इथे बसचा पत्ता नसतो, ट्राम कुठली?"

"हिचं माहेर मुंबईचं, साहेब. रोज ट्रामनं शाळेत जायची. बाकी सगळं विसरली, तेवढं राहिलंय."

"मग घराजवळच्या थांब्यावर बसवा ना."

"कडेला ही थांबतच नाही. ट्राम रस्त्याच्या मधून जायची ना! मागे भर रहदारीत मधोमध जाऊन उभी राहिली होती. मग हा थांबा झाला. इथे कठडा आहे, छप्पर आहे. निवांत बसते."

"पण हा थांबा उद्या पाडणार आहेत. बाहेर पाटी लावलीय, वाचली नाहीत?"

"वाचली."

"मग?"

"आज शेवटची ट्राम आहे, असं सांगून आणलंय."

"आणि त्यांना पटलं?"

"ईदची साडी काढायला लावली मला."

उल्काची बस आली, दार उघडलं, मिटलं. उल्का जागची हलली नाही.

नसीमबानूनं पदर सावरला आणि बाकावर सरकून जागा केली.

"बैस गं पोरी. आज सगळं गाव येईल बघायला."