कोंगे आणि भारद्वाज

हसायचं तर हसा, पण गोवा राज्य झालं त्या सुमाराला धारगळचं माझं दुकान दुपारी बंद झालं की मी परसातल्या तळीकाठी बसायचो. पाण्यातल्या गोगलगायी, आमचे कोंगे, कमळाच्या देठावरून इतके सावकाश वर चढायचे की बघता बघता माझाच डोळा लागायचा.

पुढे ते कमी व्हायला लागले. एका दुपारी जाग आली तर काठावर भारद्वाज, चोचीत कोंगा. मी दगड उचलला.

मागून बायको म्हणाली, “अहो, हात खाली करा. लेकीला बघायला डिचोलीची माणसं यायचीत, आणि तुम्ही भारद्वाजाला हाकलता?”

“अगो, तो माझे कोंगे खातो.”

“खाऊ दे. शकुन काय उपाशीपोटी येतो?”

तेवढ्यात खिडकीतून लेक हळूच म्हणाली, “बाबा, हाकला त्याला. मला तो मुलगा नको.”

मी दगड ठेवला आणि टाळी वाजवली. भारद्वाज उडाला. चोचीतला कोंगा पाण्यात पडून डुलत डुलत तळाला गेला. आम्ही तिघंही बघत राहिलो. बऱ्याच वेळाने कोंग्याने शंखाचं झाकण उघडलं आणि चालू लागला.

संध्याकाळी पाहुणे चहा पिऊन गेले. नकार मीच कळवला. बायको माझ्याशी बोलेना. लेक मात्र सकाळी तळीत सोडायला शेतातून ओंजळभर कोंगे घेऊन आली.