उतारावरचा ठोकळा

—नाही गं, ही सातपूरची. कॉलेज रोडची आपली बस अजून यायचीय. आपली म्हटलं, कारण तुझ्या मांडीवरचं पुस्तक बघितलं मी— वीज आणि चुंबकत्व. देवरे सरांचाच संध्याकाळचा वर्ग ना, आजपासून? मी पण तिथलीच. हस, हस. केस मेंदीनं लाल झालेत, पण विद्यार्थिनीच आहे मी.

तुझं मेकॅनिक्स पक्कं आहे? माझं आहे. इतकं, की कुकरचं झाकण लावतानासुद्धा टॉर्क दिसतो मला. सर मागच्या वर्षी म्हणाले, संध्याताई, वीज घ्यायच्या आधी मेकॅनिक्सवर एकदा नजर टाका. मी टाकली, ती काढलीच नाही. पहिल्या धड्यापासून निघायचं, घर्षणापर्यंत यायचं, तेवढ्यात दिवाळी, मग सगळं विसरलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून— तिकडे वर्ग सुरू झाला, संपलासुद्धा, आणि मी आपली उतारावरच्या ठोकळ्यापाशी. तो घसरेना, मी हलेना. आमचे हे एकलहऱ्याला, वीजकेंद्रात. रोज ताटावर बसले की विचारतात, काय, पोचलीस का विजेपर्यंत? मी म्हणते, वाढू का आमटी?

भीती? छे, भीती कसली. कच्चं राहायला नको, एवढंच. म्हणजे काय झालं— बीएस्सीला असताना मेकॅनिक्समध्ये मी वर्गात पहिली. आणि विजेच्या पेपराच्या दिवशी माझी हळद. हळद लागलेल्या मुलीला कोण बाहेर सोडतंय? राहिला तो राहिलाच. तेव्हापासून सासरी-माहेरी सगळे म्हणतात, हुशार होती हो, लग्नामुळे राहिलं हिचं. मी पण म्हणते. बरं वाटतं म्हणायला. पण आता पेपराला बसले आणि नापास झाले, तर— तर काय म्हणायचं, सांग? मग ती हुशार मुलगी पण गेली की माझी. एवढी एकच जपून ठेवलीय.

जाऊ दे. कुणापाशी काय बोलत बसले मी.

ती बघ, आली. कॉलेज रोडच. चढ तू, खिडकीची जागा धर. मी येते मागच्या बसनं— घर्षणाची दोन गणितं राहिलीत, इथंच बसून उरकते. अगं, हात काय धरतेस? कंडक्टर ओरडतोय बघ. सोड.

बरं— नको सोडू.