पासवाला बैल

...अन् वरून लोकं मलेच विचारतात, "बाई, तुम्ही काऊन नाई अडवलं त्याहीले?" घ्या! आता मी अडवू? अवो, अडवाची नोकरी कोणाची आहे, माही का त्याहीची? रस्त्यावर आडवा बांबू टाकून बसलेला माणूस तो, साऱ्या जगाले अडवते, त्याले मी घरातून भाकरी थापता थापता कशी अडवू? सांगा ना!

तुम्हाले सांगते, जंगलखात्याच्या नाकेदाराची बायको होऊ नये. लोकाहीले वाटते लय मज्या आहे. सरकारी क्वार्टर, खाकी डगला, अन् चुलीले लाकडाची काय कमी! कमी नाई? अवो, माही मोळी मी माह्या डोक्यावर आणते, अन् आमचे हे दारातच तिची झडती घेतात! "याच्यात काय आहे?" काड्या आहे जी. "कायच्या?" आता काडीले काय नाव राह्यते? तरी बसले उकिडवे, एकेक काडी निवडली, त्यात निघाली बोटाएवढी एक सागाची. झालं! घेतली काढून. म्हणे, "सागवान म्हंजे सागवान! मंग ते कोणाचंबी असो!" त्या दिवशी भात अर्धाकच्चा राह्यला, अन् तो याहीनं तसाच खाल्ला. इमानदार आहेत, त्याच्यात काई खोट नाई. खोट असती त बरं झालं असतं, असं मले कधी कधी वाटते... देव माफ करो.

त मी काय सांगत होती? हां, मामाजी. माहे सासरे, देवाजी. तिकडं सिंदेवाहीकडच्या खेड्यात राह्यतात, हाडाचे सुतार. अन् आत्याबाई, म्हंजे सासूबाई. दोघाहीले नातवाचं भारी येड. पण आम्ही पडलो इकडं सिरोंच्याच्या रस्त्यावर, जंगलात. मधात नाले, नद्या, पावसात मोटार चालत नाई, बैलगाडीचं चाक आसापर्यंत चिखलात रुतते. म्हणून येणं होत नाई. माहा झिंगू पाच वर्साचा झाला तरी आबाजीले, म्हंजे आज्याले, त्यानं धड पाह्यलं नवतं. पण मागच्या साली पोळ्याच्या आधी लटारू गाडीवान निरोप घेऊन आला, का मामाजी अन् आत्याबाई पोळ्याले येऊन राह्यले, अन् मामाजी झिंगूसाठी लाकडाचा बैल करून आणून राह्यले! आपल्या हातानं!

आता तान्हा पोळा काय असते, ते तुम्हाले का मी सांगाव? मोठ्या पोळ्याले मोठे बैल, अन् दुसऱ्या दिवशी लेकराहीचे. चाकावरचे लाकडी बैल सजवाचे, दोरी धरून दारोदारी न्याचे, घरच्या बाईनं ओवाळाचं अन् लेकराच्या हातावर बोजारा ठेवाचा, खाऊ म्हणा, आणा-दोन आणे म्हणा. साऱ्या गावच्या पोट्ट्याहीजवळ बैल, अन् माह्या झिंगूजवळ? मातीचा! शेजारची बुधरी करून दे बिचारी, लय जीव लावून करे, पण पाऊस आला का त्याचे शिंगं गळत, दुसऱ्या सरीले तोंड गळे, अन् घरी येईपर्यंत बैल कोणता अन् चिखल कोणता ते समजत नसे.

त त्या साली लाकडाचा बैल येणार! पोट्टं हवेत. साऱ्या गावाले सांगून आलं. "माहे आबाजी बैल आणून राह्यले! त्याले चाकं आहेत! त्याले खरे शिंगं आहेत!" कोंबड्याहीले सांगतलं, बुधरीच्या बकरीले सांगतलं. अन् रोज उठून नाक्यावर जाऊन बांबूवर लोंबकळे अन् रस्ता पाहे.

अन् आले ना! पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. अन् नशीब पाहा कसं, त्याच दुपारी नाक्यावर रेंजरसाहेब चहा पीत बसलेले! नवेच आले होते. मी खिडकीतून पाहून राह्यली, नाका आमच्या क्वार्टरले लागूनच. लटारूची गाडी आली, साऱ्या अंगाले चिखल, मामाजी पुढं, आत्याबाई मांगं, मांडीवर लाखोळीच्या डाळीचं गाठोडं. मले वाटलं आता हे धावतीन, पाया पडतीन... आमचे हे उभे राह्यले, डगल्याची गुंडी लावली, अन् साहेबाकडं एक नजर टाकून म्हणतात काय, "गाडी कुठली?"

बापाले! सख्ख्या बापाले!

मामाजीबी काई कमी नाईत. म्हणे, "तुह्या गावची."

"माल काय आहे?"

"तुही माय आहे."

रेंजरसाहेबाचा चहा नाकातून आला! हसून हसून बेजार झाले. लटारू हासला, बैल हासले असतीन. फक्त दोन माणसं हासली नाईत, एक हे, अन् एक मी. मी काऊन हासू? मले माहीत होतं ना पुढं काय वाढून ठेवलं आहे ते! याहीनं गाडीत हात घातला, पेंढीखाली चाचपलं, अन् धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काढलं बाहेर... बैल!

अवो, काय बैल होता! हातभर लांब. पाठ अशी, का माशी बसली त घसरन. शिंगं, खूर, गळ्याखालची पोळी, सारं जिथल्या तिथी. फक्त वशिंडाजवळ जराशी जागा खरबडी होती, तिथी रंधा फिरवला नवता, बारीक बारीक खाचा तशाच. मले वाटलं, म्हाताऱ्या माणसाची नजर, राह्यलं असन.

याहीनं बैल उलटा केला. नख लावलं. वास घेतला. बैलाचा वास! अन् म्हणे, "सागवान."

"हो," मामाजी म्हणे, "पोराले का बाभळीचा देऊ?"

"पास?" म्हंजे लाकूड न्याचा सरकारी परवाना.

आता इथी, तुम्हाले सांगते, इथी देवानं वाट दिली होती. रेंजरसाहेब सोता उठून आले, याहीच्या खांद्यावर हात ठेवला, अन् म्हणे, "गुणवंतराव, जाऊ द्या हो. नातवाचं खेळणं आहे." साहेब म्हणून राह्यले! ज्याच्या भेवानं हे करून राह्यले, तोच म्हणते जाऊ द्या! दुसरा असता त म्हणला असता, बरं साहेब, अन् बैल पोराच्या हाती दिला असता, संपलं असतं. पण हे? हे आणखीनच ताठ झाले. म्हणे, "नाई साहेब. आज माह्या बापाले सोडीन त उद्या लोकाहीच्या बापाले कोणत्या तोंडानं अडवू? सागवान म्हंजे सागवान!" साहेब बसले जाऊन.

मंग पंचनामा! "नाव?" देवाजी. "बापाचं नाव?" अवो, तुमच्याच आज्याचं नाव विचारून राह्यले तुम्ही! पण मामाजीनं सांगतलं, हळूहळू, लिहिणाऱ्याले जमन असं. "माल, सागवानी बैल, नग एक. खुणा, वशिंडाजवळ जुन्या खाचा." तेबी लिहिलं! अन् मंग आणला तो खात्याचा हातोडा, ज्याच्या तोंडाले सरकारचं निशाण राह्यते, जप्तीच्या ओंडक्यावर ठोकतात तो. कुठी ठोकला असन? कपाळावर! जिथी आम्ही कुंकू लावतो, तिथी. ठक्! मामाजीनं डोळे मिटून घेतले. मले घरात लागला तो.

अन् तेवढ्यात माहा झिंगू आला ना धावत! "आबाजी! माहा बैल!" दोन्ही हात पुढं. हे म्हणे, "हात लावू नोको बेटा, तो सरकारचा आहे." पोट्टं रडलंबी नाई. आबाजीकडं पाहे, बैलाकडं पाहे, अन् विचारे, "आबाजी, तुम्ही सरकारसाठी आणला?"

मामाजीनं ते रिकामं फडकं घडी करून खांद्यावर टाकलं.

घरात आले सारे. मी पाणी दिलं, गूळ दिला. अन् माही मनकर्णी, लहानी, तिले तेव्हा दात येऊन राह्यले होते, ती रांगत गेली अन् दाराच्या चौकटीले चावाले लागली. घरात एवढे बिस्कुट पडले असू द्या, तिले लाकूडच पाह्यजे! हे म्हणे, "अवो, घ्या तिले, लाकूड खाऊन राह्यली." झालं! आत्याबाईचा बांध फुटला. "खाऊ दे! तुहीच पोर आहे! तू काय खाल्लं होतं रे मुडद्या? तुहा पाळणा होता तो! त्या पाळण्याच्या खांबाले धरून उभा राहे अन् दिवसभर कुरतडे! तो खांब बुढ्यानं एवढे सालं माळ्यावर जपून ठेवला, अन् त्याचा बैल केला, अन् जिथी तुहे दात लागले होते तेवढी जागा रंधा न लावता सोडली, का पोराले दाखवू, पाह्य, तुहा बाप एवढा होता तेव्हा... अन् तू? खाचा म्हणून लिहून घेतले रे आपले दात!"

आता याहीचा चेहरा... काय सांगू. मी लग्न झाल्यापासून तो चेहरा पाह्यला नवता. म्हणे, "बा, तुम्ही तिथीच काऊन नाई सांगतलं?"

मामाजी तमाखू मळत होते. म्हणे, "साहेबासमोर? का बापा, तुमचा नाकेदार लहानपणी लाकडं कुरतडे म्हणून? तुही इज्जत आहे ना तिथी."

हे उठले, बाहेर गेले, अन् नाक्याच्या बांबूले धरून उभे राह्यले. गाड्या आल्या अन् गेल्या, एकीचीबी झडती नाई घेतली. पण बैल काई परत आला नाई. कसा येईन? कागदावर चढला होता, कपाळावर हातोडा बसला होता. म्हणे, आता तो माह्या हातात नाई. खरंच नवता.

मोठा पोळा झाला, अन् त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. बुधरीनं घाईघाईत मातीचा बैल करून दिला. पाऊस त ठरलेलाच. मामाजीनं आपलं घोंगडं त्या बैलावर धरलं अन् झिंगूच्या मांगं मांगं साऱ्या गावात फिरले, सोता भिजत. मातीच्या बैलाले जपत तो सुतार! पाहवत नवतं, अवो. पण झिंगू खुश होता, ते मात्र सांगतलं पाह्यजे. बैलाचे शिंगं पहिल्यांदा घरापर्यंत टिकले.

जाताना मामाजी नाक्यावर गाडीतून उतरले, दोन्ही हात वर केले, अन् म्हणे, "घे बापा झडती." थट्टेत म्हटलं. पण याहीले काई थट्टा समजली नाई. पाया पडले अन् तसेच खाली पाहत राह्यले.

बैलाचं काय झालं? लिलावात गेला! खात्याच्या माणसाले लिलावात बोली लावता येत नाई, म्हणून याहीनं बुधरीच्या नवऱ्याले, पोचूले, धाडलं, जा, कसाबी घेऊन ये. त तो बैल ओंडक्याहीच्या ढिगासंग लावला होता. घ्याचा त सारा ढीग घ्या! पोचू काय, ओंडके डोक्यावर आणन? ठेकेदारानं ढीग उचलला, अन् बैल दिला आपल्या मुनशीच्या पोराले.

त्यानंतर राज्य बदललं, मध्यप्रदेशाचे आपण मुंबई राज्याचे झालो, नाक्यावरची पाटी बदलली, आमचे हे काई बदलले नाईत. अन् यंदा तान्ह्या पोळ्याले मी दारात आरती घेऊन उभी, पोट्टे रांगेनं येऊन राह्यले, अन् त्यात तो मुनशीचा पोट्टा... अन् त्याच्या दोरीले तो बैल! मी ओळखला ना! शिंगाले बेगड, पाठीवर झूल, अन् कपाळावर निशाण. मी कुंकू लावाले गेली त बोट त्या निशाणातच रुतलं.

हे मांगं उभे. पुढं आले, खाली बसले, अन् वशिंडावर हळूच अंगठा फिरवला. पोट्टं घाबरलं! त्याले वाटलं, नाकेदारानं धरलं. झटकन खिशातून घडी केलेला कागद काढला अन् म्हणे, "पास आहे जी! बाबानं सांगतलं, नाकेदाराच्या दारी गेला त पहिले पास दाखवजो!" अवो, साऱ्या गावात एवढे बैल, सारे चोरट्या लाकडाचे असतीन, पासवाला तो एकटाच! अन् पासावर सही कोणाची? याहीचीच! नाक्यावरून जाताना याहीनंच पाहून सोडला होता तो ढीग!

मांगून झिंगू म्हणे, "बाबा, याले पास भेटला, आबाजीले काऊन नाई भेटला?"

याहीनं तोंड उघडलं. मले वाटलं, आता म्हणतीन सागवान म्हंजे सागवान. नाई म्हटलं. पोट्ट्याच्या हातावर बोजारा ठेवला, मूठभर जास्तच, अन् आत गेले.

मंग लटारूच्या हाती निरोप धाडला, बा, या. लेकरं वाट पाहून राह्यले. मामाजीचा उलटा निरोप आला. म्हणे, "येतो. पण आता गुडघे चालत नाईत, काठी टेकत येतो. अन् काठी सागवानाची आहे. तिले पास लागते का, ते इचारून ठेव."

मी म्हटलं, आता तरी हासतीन! आता तरी म्हणतीन, या बा, जशे असान तशे या! कायचे? बसले ना चौरंग घेऊन! चष्मा लावला, टाक बुडवला, अन् लिहाले लागले. पास! काठीचा! मी वाकून पाह्यलं. माल, सागवानी काठी, नग एक. मालक, देवाजी, माहा बा. असं लिहिलं, सरकारी कागदावर, माहा बा! कारण, नातवाले भेटाले. अन् खाली सही करता करता त्या शाईवर एक थेंब पडला, तो डगल्याच्या बाहीनं टिपला.

मी चुलीपाशी येऊन बसली. माफी मांगाचा कागद सरकारनं छापलाच नाई ना बाई... मंग हे बिचारे लिहितीन कशावर?