नवव्या गाण्याच्या टाळ्या

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि कागद तयार होईपर्यंत मला बाहेरच्या बाकावर बसवलं. शेजारी एक तरुण गायिका होती आणि हाताला प्लास्टर घातलेली तिची आत्या.

"कपाटात उभं राहून नुसत्या टाळ्या वाजवायच्या होत्या, आत्या. उड्या मारायला कोणी सांगितलं?"

"प्रभूची स्तुती काय पुतळ्यासारखी करायची? आणि कपाटाचा स्टुडिओ कोणी केला?"

"कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. पहिलाच अल्बम, तोही स्वतःच्या हिमतीवर. आठ गाणी झाली, नववं तुझ्या हातामुळे अडलंय."

"आधीच्याच टाळ्या चिकटव."

"याची लय जलद आहे. रविवारी चर्चमध्ये ऐकवायचंय."

"मग हे काका बसलेत की रिकामे. हात धड आहेत त्यांचे."

"अगं, कुणालाही काय विचारतेस?"

"काका, टाळ्या वाजवाल?"

"वाजवीन," मी म्हणालो.

"पण इथे आवाज घुमतो, आत्या."

"माझी शाल टाक त्यांच्या डोक्यावरून. फोन आत धर."

शालीच्या आत अंधार होता. गायिकेने माझ्या कानात इअरफोन घालून ताल लावून दिला.

"काका, जरा हसून वाजवा. ऐकणाऱ्याला कळतं."

"बरं."

"आत कोण आहे तुमचं?" आत्याने विचारलं.

"बायको."

"घरी आल्या की त्यांनाही ऐकवा. नाचतील बघा."

"आत्या, तू गप्प बस. काका, पुन्हा पहिल्यापासून."

मी पुन्हा पहिल्यापासून वाजवल्या. आमच्या मुलीला अजून कळवायचं होतं.